मुळांचाही उतारा असतो

दिवाळी आटोपली की बारामती-इंदापूरकडचे रस्ते उसाच्या ट्रॉल्यांनी भरून जातात. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगर अशी एकेका कारखान्याची धुराडी पेटतात आणि फडाफडांत तोडणीच्या टोळ्या उतरतात. खरे तर आडसाली ऊस सप्टेंबरातही डोक्याच्या वर गेलेला, हिरवागार उभा असतो. तरी तेव्हा त्याला कोणी कोयता लावत नाही. का, असे इथल्या शाळकरी पोराला विचारा, तो सांगेल, “उतारा मिळत नाही.” शेत तेच, जात तीच, शेतकरीही तोच. पण एक टन उसातून ऑक्टोबरात जेवढी साखर निघते, त्यापेक्षा जानेवारीत जास्त निघते.

याच दोन तालुक्यांत बांधांवर, गायरानांत, ओढ्याकाठी आणि मुरमाड माळांवर आणखी एक पीक उभे असते, ज्याची पेरणी कोणी केलेली नसते. वैद्य जिला पुनर्नवा म्हणतात ती घेटुळी. ढोरगुंज, म्हणजेच आस्कंद किंवा अश्वगंधा. काटेरी झुडपांवर चढलेली शतावरी, जमिनीलगत पसरणारी उपळसरी, पिवळ्या काट्यांची भुईरिंगणी. यांची मुळे खणली जातात, वाळवली जातात, पोत्यांत भरून काष्ठौषधींच्या व्यापाऱ्याकडे जातात आणि चूर्ण, काढा किंवा गोळी होऊन आपल्या घरी येतात. पोत्यावर वजन लिहिलेले असते. मूळ कोणत्या महिन्यात खणले, ते मात्र सहसा लिहिलेले नसते.

औषध तेच, वैद्य तेच, चमचाही तेवढाच. मागच्या खेपेला गुण आला, या खेपेला आला नाही. ही तक्रार घरोघरी ऐकू येते. भेसळ झाली असेल, औषध जुने असेल, आजारच निराळा असेल, अशी कारणे आपण शोधतो. खणण्याचा महिना हेही तितकेच खरे कारण असू शकते. उसाला जसा उतारा असतो तसा औषधी मुळांनाही असतो, आणि तो ऋतूप्रमाणे चढतो-उतरतो.

उसाचा उतारा वर-खाली का होतो

पावसाळ्यात उसाला पाणी भरपूर, नत्र भरपूर, हवाही उबदार. पाने सूर्यप्रकाशात साखर बनवतात, पण नवी कांडी, नवी पाने आणि मुळ्या वाढवण्यात ती लगेच खर्च होते. शिल्लक फारशी पडत नाही.

पाऊस ओसरतो, आभाळ मोकळे होते, रात्री गार पडू लागतात. आता वाढ मंदावते. पानांचे काम मात्र चालूच असते, उलट ऊन स्वच्छ असल्याने चांगले चालते. वाढीकडून मागणी नसल्याने तयार झालेली साखर कांड्यांत साठत जाते. म्हणूनच जाणता शेतकरी तोडणीआधी काही दिवस पाणी तोडतो आणि शेवटचा युरिया बांधणीलाच उरकतो. पिकाला पुन्हा वाढायची संधी दिली, तर साठलेली साखर ते वाढीवर उडवणार, हे त्याला अनुभवाने माहीत असते. मार्चनंतर ऊन तापू लागले की उभ्या उसातली साखर विघटित होऊ लागते आणि उतारा पुन्हा घसरतो.

या चढउताराला पैशांत मोल आहे. २०२४-२५ च्या हंगामासाठी केंद्राने ठरवलेला उसाचा रास्त आणि किफायतशीर दर होता टनाला ३,४०० रुपये. तो १०.२५ टक्के उताऱ्याला होता आणि त्यापुढे प्रत्येक ०.१ टक्क्याला टनामागे ३३ रुपये २० पैसे जास्त होते. उताऱ्याच्या दशांशावर दर ठरतो, म्हणूनच उतारा काटेकोरपणे मोजला जातो.

हीच गोष्ट आता जमिनीखाली नेऊन पाहू.

मुळाचे वर्ष

घेटुळी हे बहुवर्षायू झाड आहे. उन्हाळ्यात वरचा पसारा वाळून जातो आणि जमिनीखाली जाडसर मूळ जिवंत राहते. वळवाचा किंवा मृगाचा पाऊस पडला की त्या मुळाच्या माथ्यावरून कोंब फुटतात. या कोंबांना पहिले काही दिवस स्वतःचे अन्न बनवता येत नाही, कारण पाने अजून उघडलेली नसतात. मग ते कशावर वाढतात? मुळात साठलेल्या स्टार्चवर. स्टार्चची साखर होते, ती वर चढते आणि त्यातून पाने तयार होतात. म्हणजे पावसाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत वर सगळे हिरवे, टवटवीत दिसत असताना खाली मूळ रिकामे होत असते. त्यात पाण्याचा अंशही खूप, त्यामुळे ओले मूळ हातात जड लागते आणि वाळल्यावर हलके होते.

पाने मोठी झाली की ती पुरेसे अन्न बनवू लागतात, पण त्याचा मोठा वाटा नव्या फांद्यांना आणि पुढे फुला-फळांना जातो. बी धरून झाले, पाने पिवळी पडू लागली, की उरलेसुरले अन्न मुळाकडे वळते. वाळत जाणारे पान आपल्यातला नत्र आणि इतर द्रव्येही काढून खाली पाठवते. झाड झोपी जाते तेव्हा मूळ सर्वाधिक भरलेले असते. नव्या पावसापर्यंत हळूहळू श्वसनासाठी थोडे खर्च होते, एवढेच.

थंड देशांतही असेच घडते. युरोपात औषधासाठी वापरल्या जाणाऱ्या डँडेलियन या रानझाडाच्या मुळात शरद ऋतूत इन्युलिन हे साठ्याचे द्रव्य कोरड्या वजनाच्या ४० टक्क्यांपर्यंत असते. वसंतात पालवी फुटून गेल्यावर ते २ टक्क्यांवर आलेले आढळते. इन्युलिन हे आपल्या स्टार्चसारखेच साठवणीचे कर्बोदक. त्यात वीसपट फरक केवळ ऋतूमुळे पडतो.

हा साठा घरच्या घरी पाहता येतो. आस्कंदाचे वाळलेले मूळ घेऊन आडवे मोडा. चांगले भरलेले मूळ खट्कन मोडते. मोडलेले तोंड पांढुरके आणि पिठूळ असते, त्यावरून बोट फिरवले तर पीठ लागते. त्यावर टिंक्चर आयोडीनचा एक थेंब टाका. काही क्षणांत डाग निळाकाळा होतो. ती स्टार्चची खूण. अवेळी काढलेले किंवा फार निबर झालेले मूळ आधी वाकते, मग चिरफाळत तुटते, तोंडाशी दोरे लोंबतात आणि आयोडीनचा रंग फिका उमटतो. व्यापारी आयोडीन वापरत नाहीत, पण मोडून पाहिल्याशिवाय माल घेत नाहीत, ते याचसाठी.

साठा म्हणजे औषध नव्हे

इथे एक गल्लत टाळायला हवी. आयोडीनने दिसतो तो स्टार्च, आणि स्टार्च म्हणजे औषध नव्हे. औषधी गुण येतो तो दुसऱ्याच द्रव्यांमुळे, जी मुळात फार थोड्या प्रमाणात असतात. आस्कंदातील विथॅनोलाइडे, शतावरीतील सॅपोनिने (पाण्यात घुसळली की फेस आणणारी द्रव्ये, रिठ्यातही हीच असतात), सर्पगंधेतील अल्कलॉइडे, म्हणजे नत्र असलेली कडवट द्रव्ये. झाड ही द्रव्ये आपल्यासाठी बनवत नाही. त्याला पळता येत नाही, आणि मुळाभोवतीच्या मातीत बुरशी, सूत्रकृमी, हुमणी, उंदीर सगळे टपलेले असतात. त्यांना दूर ठेवण्यासाठी ही संरक्षक द्रव्ये लागतात.

मग ऋतूचा संबंध कुठे येतो? पाण्याचा ताण पडू लागला की झाडाची वाढ आधी थांबते. पेशी फुगून मोठ्या व्हायला पाण्याचा दाब लागतो, तो कमी पडतो. पानांचे अन्न बनवणे मात्र त्यानंतरही बराच काळ चालू राहते. या मधल्या काळात जे अन्न शिल्लक पडते त्यातला काही भाग साठ्यात जातो आणि काही भाग संरक्षक द्रव्ये बनवण्याकडे वळतो. उसाचे पाणी तोडल्यावर जे घडते तेच हे, फक्त साखरेच्या जागी कडू-तुरट द्रव्ये. ताण अति झाला तर मात्र पानेही थकतात, आणि मग दोन्ही थांबते. माफक ताण हवा, होरपळ नको.

मूळ केवळ वरून आलेले साठवते असेही नाही. याचा सुंदर पुरावा तंबाखूने दिला. १९४०च्या दशकात रे डॉसन या अमेरिकी शास्त्रज्ञाने तंबाखूच्या खुंटावर टोमॅटोचे कलम केले. टोमॅटोच्या पानांत निकोटिन आले. उलट केले, टोमॅटोच्या खुंटावर तंबाखूचे कलम बांधले, तर तंबाखूच्या पानांत निकोटिन जवळजवळ सापडेना. म्हणजे पानात मिळणारे निकोटिन तयार होते मुळात. निपाणीकडचा तंबाखू-शेतकरी फुलोऱ्याच्या वेळी शेंडे खुडतो. त्याने पाने जाड होतात आणि निकोटिनही वाढते. जखमेचा निरोप शेंड्यावरून मुळाला पोचतो आणि मूळ संरक्षणाचे द्रव्य जास्त बनवू लागते.

आस्कंदाबाबतही असेच निघाले. लखनौच्या सीमॅप या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेशी संबंधित संशोधकांनी किरणोत्सारी कार्बन असलेली ग्लुकोज वगैरे द्रव्ये वापरून मुळांतल्या घडामोडींचा माग काढला आणि विथॅनोलाइड-ए हे आस्कंदाच्या मुळात जागेवरच तयार होते असे २००८ मध्ये दाखवले. त्यामुळे मूळ ज्या मातीत, ज्या ओलीत, ज्या तापमानात आहे त्याचा परिणाम थेट औषधावर होतो. पाने कशी दिसतात एवढे पाहून भागत नाही.

टक्का आणि वजन

आता थोडा हिशेब, कारण या विषयातले बहुतेक वाद इथे होतात. आस्कंदाच्या भारतीय मुळांत एकूण अल्कलॉइडांचे प्रमाण ०.१३ ते ०.३१ टक्के असते, असे संदर्भग्रंथ सांगतात. पाच ग्रॅम चूर्ण घेतले तर पहिल्या मुळातून साडेसहा मिलिग्रॅम, दुसऱ्यातून साडेपंधरा. चमचा तोच, आणि आत जाणारे द्रव्य निम्म्याहून कमी किंवा दुपटीहून जास्त. हा सगळा फरक ऋतूचा नाही. जात, माती, वय यांचाही वाटा त्यात आहे. पण ऋतू ही त्यातली एकच गोष्ट अशी आहे, जी काही खर्च न करता आपल्या हातात आहे.

दुसरी बाजू वजनाची. समजा, सप्टेंबरात आस्कंदाच्या एका झाडाखाली २ ग्रॅम कोरडे मूळ आहे आणि त्यात द्रव्य ०.४ टक्के आहे. म्हणजे ८ मिलिग्रॅम. फेब्रुवारीत मूळ ८ ग्रॅमचे झाले आणि टक्का ०.३ वर आला. टक्का घसरला, तरी झाडामागे द्रव्य २४ मिलिग्रॅम झाले. म्हणून “कोवळ्या मुळात जास्त गुण” आणि “पक्क्या मुळात जास्त गुण” ही दोन्ही विधाने एकाच शेतावर खरी ठरू शकतात. एक जण टक्क्याबद्दल बोलत असतो, दुसरा एकूण मालाबद्दल. प्रश्न विचारताना कशाबद्दल विचारतो आहोत ते आधी ठरवले पाहिजे.

जाडीनेही गणित बदलते. बऱ्याच मुळांत औषधी द्रव्य सालीत असते आणि आतला गाभा जवळजवळ कोरा असतो. सर्पगंधेत मुळाच्या साधारण निम्म्या वजनाच्या सालीत ९० टक्के अल्कलॉइडे सापडतात. मूळ जुने होऊन आत लाकूड वाढत गेले की सालीचा वाटा घटतो. बाजारात मात्र दर मिळतो जाडीला. मध्य प्रदेशातल्या नीमच मंडीत, जिथे देशातला बराचसा आस्कंद विकला जातो, पहिल्या प्रतीचा तुकडा सात सेंटिमीटरपर्यंत लांब, एक ते दीड सेंटिमीटर जाड, ठिसूळ आणि आतून पांढरा हवा. ही प्रतवारी साठा सांगते, नजरेला सुखावते. औषधी द्रव्य किती ते ती सांगत नाही. वर्षानुवर्षे फक्त जाडीला पैसे मोजून आपण शेतकऱ्याला चुकीचा निरोप देत आलो आहोत, असे माझे स्पष्ट मत आहे.

घेटुळीवरचा लखनौचा प्रयोग

ऋतू, जाडी आणि गुण या तिन्हींना एकत्र पाहणारा एक नेटका प्रयोग आपल्या घेटुळीवरच झालेला आहे. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेतील ए. के. एस. रावत आणि सहकाऱ्यांनी तो १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. देशातल्या अनेक भागांत आदिवासी समाज कावीळ आणि यकृताच्या विकारांवर पुनर्नवेचे मूळ वापरतात. त्यात तथ्य किती, हा प्रश्न होता.

संशोधकांनी पावसाळा, हिवाळा आणि उन्हाळा अशा तीन ऋतूंत, वेगवेगळ्या जाडीची मुळे गोळा केली. उंदरांच्या यकृताला थायोअॅसिटामाइड या रसायनाने इजा करून या मुळांचा अर्क दिला. यकृताच्या पेशी फुटल्या की त्यांतली विकरे, म्हणजे एन्झाइमे, रक्तात उतरतात. ती किती वाढली यावरून इजा मोजता येते. सर्वांत चांगले संरक्षण दिले ते मे महिन्यात काढलेल्या, एक ते तीन सेंटिमीटर जाडीच्या मुळांच्या पाण्यातल्या अर्काने. बहुतेक विकरांची पातळी आटोक्यात राहिली; बिलिरुबिनवर मात्र फरक दिसला नाही. चूर्णापेक्षा पाण्यातला अर्क सरस ठरला, हेही त्यात निघाले.

हा प्रयोग उंदरांवरचा आहे, त्यावरून कोणी काविळीवर घरी घेटुळी उकळू नये. कावीळ झाली तर आधी डॉक्टर. पण आपल्या प्रश्नापुरते उत्तर नेमके आहे. झाड तेच असले, तरी मुळाचा गुण ऋतूने आणि जाडीने बदलतो. घेटुळीचे एक जाड मूळ आडवे कापून भिंगाखाली धरा. एकात एक अशी वर्तुळे दिसतील. ती झाडाच्या खोडातल्या वर्षांच्या वलयांसारखी मोजू नयेत. या मुळात वाढीचे नवनवे थर एकामागून एक तयार होतात, त्याची ती खूण. बोटाएवढ्या जाडीच्या मुळात असे बरेच थर भरलेले असतात, तर काडीएवढ्या मुळात ते जेमतेम सुरू झालेले असतात.

चरक आणि सुश्रुत यांचे मतभेद

हा विचार आपल्याकडे नवा नाही. चरकसंहितेच्या कल्पस्थानात औषध कधी गोळा करावे याचे नियमच आहेत. फांद्या आणि पाने वर्षा व वसंत ऋतूंत घ्यावीत, मुळे ग्रीष्मात किंवा शिशिरात, झाडाची पाने गळून गेली किंवा पूर्ण पिकली असताना, साल, कंद आणि चीक शरदात, गाभा हेमंतात. पावसाळ्यात आपण घेटुळीच्या कोवळ्या पानांची भाजी करतो आणि तिचे मूळ उन्हाळ्यासाठी राखतो, ते या नियमाला धरूनच आहे. महिन्याबरोबर पानांची अवस्थाही सांगितली आहे, हे मला फार महत्त्वाचे वाटते. त्याकडे पुढे वळू.

सुश्रुतसंहितेत मात्र वेगळा सूर आहे. काही आचार्य सहा ऋतूंना सहा भाग वाटून देतात, प्रावृट् म्हणजे पावसाच्या तोंडाशी मूळ, वर्षेत पान, असे पुढे. सुश्रुत हे मत नोंदवतो आणि फेटाळतो. त्याच्या मते पाहायचे ते द्रव्याच्या स्वभावाकडे: सौम्य औषधे सौम्य ऋतूंत, आग्नेय औषधे आग्नेय ऋतूंत. म्हणजे सगळ्या मुळांना एकच महिना लावू नका. हा वाद आजही जिवंत आहे आणि प्रयोगशाळेतली आकडेवारी सुश्रुताच्या बाजूने झुकते: आस्कंदाचा हंगाम घेटुळीला चालत नाही, घेटुळीचा शतावरीला.

┌─────────────────────
चौकट: कोणते मूळ केव्हा

आस्कंद (लागवडीचा): पेरणी जुलै-ऑगस्ट. काढणी साधारण १५० ते १८० दिवसांनी, जानेवारी ते मार्च. खूण: पाने वाळू लागतात, फळे लाल-पिवळी होतात.

शतावरी: लावणीनंतर किमान दीड-दोन वर्षांनी, हिवाळ्यात, वरचा वेल पिवळा पडल्यावर. साल आणि मधली शीर काढून वाळवतात. वाळल्यावर ओल्या वजनाच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याएवढा माल उरतो.

सफेद मुसळी: जूनमध्ये लावतात, पाने सप्टेंबर-ऑक्टोबरात गळतात. तरी मुळे लगेच काढत नाहीत. सालीचा रंग तपकिरी-काळपट होईपर्यंत जमिनीतच ठेवतात.

सर्पगंधा: किमान दीड वर्षाचे झाड, हिवाळ्यात पानगळ झाल्यावर. साल सोलू न देता.

घेटुळी: पसारा वाळल्यावर, नवा कोंब फुटण्याआधी, मूळ बोटाएवढे जाड.
└─────────────────────

बारामतीचे पंचांग वेगळे आहे

पुस्तकातला महिना जसाच्या तसा बारामतीला लावता येत नाही. हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. वर्षाचा पाऊस साधारण साडेपाचशे मिलिमीटर, आणि त्यातला सर्वाधिक पाऊस बहुधा सप्टेंबरात, परतीच्या वाटेवर पडतो. जून-जुलै कोरडे गेले तर घेटुळीची खरी वाढ श्रावणानंतरच होते. जिथे जुलैतच धुवाधार पाऊस असतो तिथल्या मुळाचे वर्ष आणि इथल्या मुळाचे वर्ष यांत सहज महिना-दोन महिन्यांचे अंतर पडते. इथल्या मुरमाड, उथळ, कोरड्या जमिनीत ताणही लवकर सुरू होतो. माळेगाव खुर्द येथे २००९ साली स्थापन झालेली राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था अशाच खडकाळ माळावर उभी आहे आणि दुष्काळ, उष्णता, क्षार यांनी पिकावर येणारा ताण हाच तिचा अभ्यासविषय आहे. औषधी मुळांच्या दृष्टीने हा ताण शापच असतो असे नाही.

याच तालुक्यांत दुसरे टोकही आहे. नीरा डावा कालवा १८८५ पासून वाहतो आहे. उजनीचे पाणी १९८० नंतर इंदापूरच्या शिवाराला भिडले. कालव्याच्या पाटाकडेची किंवा उसाच्या सरीच्या कडेची घेटुळी मे महिन्यातही हिरवी असते. तिला पाणी आहे, उसाला घातलेल्या खतातला नत्र आहे. ती झोपतच नाही. दोन किलोमीटरवरच्या गायरानातली घेटुळी त्याच दिवशी पूर्ण वाळलेली असते. दोन्हीकडची मुळे मे महिन्यातच खणली, तरी ती एकाच ऋतूतली नाहीत. एक अजून पावसाळ्यात आहे, दुसरी उन्हाळ्यात. दोन्ही एकाच पोत्यात भरली की औषधाचा भरवसा गेला.

म्हणून चरकाने सांगितलेली पानांची खूण मोलाची. तारखेआधी झाड पाहा. पाने पिवळी पडून गळाली का? फळे पिकून बी गळाले का? नवा कोंब दिसतो का? मूळ मोडल्यावर पिठूळ आहे की दोरेदार? या चार प्रश्नांची उत्तरे जुळली तर महिना कोणताही असो, मूळ तयार आहे. अवकाळी पावसाने मार्चमध्येच घेटुळीला कोंब फुटले असतील, तर पंचांगात उन्हाळा असला तरी त्या मुळाचा उन्हाळा संपलेला आहे.

खणल्यानंतर

उत्तम वेळी काढलेले मूळही वाळवताना वाया जाऊ शकते, आणि इथेही ऋतू आडवा येतो. पावसाळ्यात काढलेले ओले, चिखलाने माखलेले मूळ दमट हवेत आठवडाभर ओलेच राहते. आतली विकरे द्रव्यांची मोडतोड चालू ठेवतात आणि बुरशी धरते. काही बुरशी अफ्लाटॉक्सिनसारखी विषे सोडतात, ती उकळूनही पूर्ण जात नाहीत. फेब्रुवारी ते मे या काळात इथली हवा इतकी कोरडी असते, की धुतलेले, लहान तुकडे केलेले मूळ पातळ पसरले तर थोड्याच दिवसांत पाण्याचा अंश दहा टक्क्यांच्या खाली येतो. गरम डांबरी रस्त्यावर पसरू नये. धूळ, गाड्यांचे तेल आणि जादा उष्णता तिन्ही लागतात. मांडवाखाली, जाळीवर वाळवलेले मूळ रंगालाही चांगले राहते. अवेळी खणल्यामुळे होणारे बरेचसे नुकसान झाडात न होता या वाळवणीत होते, असे म्हणायला हरकत नाही.

बी आधी, मूळ नंतर

पान तोडले तर झाड जगते, मूळ खणले तर बहुतेकदा मरते. आस्कंदाची फळे हिवाळ्यात पिकतात आणि मूळही त्यानंतरच भरते. बी जमिनीवर झडल्यावर मूळ काढले तर पुढच्या पावसात तिथेच नवी झाडे उगवतात. ऑगस्टमध्ये खणले तर मूळही कमकस आणि बीही नाही. माळावरची ती जागा कायमची रिकामी होते. रानातून गोळा करणाऱ्यांनी प्रत्येक ठिकाणची काही झाडे तशीच ठेवावीत, खड्डा मातीने बुजवावा. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात किंवा कडबनवाडीसारख्या वनखात्याच्या माळरानात परवानगीशिवाय कुदळ लावणे हा तर गुन्हाच आहे. तिथले चिंकारेही याच झुडपांच्या आश्रयाने राहतात.

पोत्यावर महिना लिहा

जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली औषधी वनस्पतींची लागवड आणि गोळा करण्याच्या पद्धती यांवर मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत स्पष्ट म्हटले आहे की गोळा करण्याची वेळ ठरवताना एकूण वजनापेक्षा औषधी द्रव्यांचे प्रमाण आणि दर्जा पाहावा. आपल्या राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळानेही २००९ मध्ये रानातून गोळा करण्याबाबत आणि लागवडीबाबत अशीच तत्त्वे दिली. कागदावर सगळे आहे. पोत्यावर नाही.

माझी मागणी साधी आहे आणि तिला पैसे लागत नाहीत. मूळ खणणाऱ्याने पोत्यावर चार गोष्टी लिहाव्यात: खणल्याची तारीख, गाव, जमीन ओलिताची की जिरायत, आणि झाडाची अवस्था, म्हणजे पाने होती की गळाली होती. व्यापाऱ्याने ही नोंद पुढे द्यावी आणि तयार, वाळलेल्या, नोंद असलेल्या मालाला थोडा चढा दर द्यावा. औषध कारखान्यांनी खरेदीच्या वेळी द्रव्याचे प्रमाण तपासून त्यावर दर बांधावा. उसाला हे वर्षानुवर्षे होते आहे, मुळाला का होऊ नये? बारामतीतल्या महाविद्यालयांतील वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी एकाच गायरानातली आणि एकाच पाटाकडेची घेटुळी वर्षभर दर महिन्याला खणून, वाळवून, वजन करून, अर्क काढून मोजावी. दोन तालुक्यांचे स्वतःचे मुळांचे पंचांग त्यातून तयार होईल.

आणि आपण ग्राहकांनी आस्कंदाचे किंवा शतावरीचे चूर्ण घेताना दुकानदाराला एवढे विचारावे: हे मूळ कोणत्या महिन्यात काढलेले आहे? पहिले काही महिने उत्तर मिळणार नाही. विचारत राहावे.